जुन्या ट्रकसाठी मागचा ॲक्सल निवडताना

निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या बाजूला फिरलं की एखाद्या वस्तीवर गोठ्याच्या आडोशाला ताडपत्री टाकलेली जुनी गाडी अजून दिसते. कुठे जीपच्या चेसिसवरची महिंद्राची पिकअप, कुठे महिंद्राचीच चपट्या तोंडाची एफसी-१५०, कुठे गोल नाकाची टाटा-मर्सिडीज. आजोबांनी तिच्यातून कांदा-द्राक्षं वाहिलेली असतात आणि आता नातवाला ती परत रस्त्यावर आणायची असते. तो इंजिन उघडतो, बॉडीचा पत्रा बदलतो, रंग ठरवतो. मागचा ॲक्सल मात्र 'मिळेल तो टाकू' म्हणून शेवटी ठेवतो. मला ते पटत नाही. गाडी कशी ओढेल, घाटात कशी उतरेल आणि चाक जागेवर राहील की नाही, हे सगळं त्या एका नगावर ठरतं. म्हणून हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो आहे. बहुतेक उदाहरणं जीपच्या घराण्यातल्या छोट्या गाड्यांची आहेत, कारण नाशिककडे नवशिक्यांच्या हाती त्याच जास्त येतात. मोठ्या टाटाबद्दलही जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे.

पहिली पायरी: बदलायचाच आहे का?

माझा सल्ला आधी 'नको' असाच असतो. ॲक्सल ओरडतो म्हणजे तो गेला असं नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर घुंईं असा आवाज चढतो आणि पाय काढला की बदलतो, तेव्हा बहुतेक वेळा पिनियनचं बेअरिंग किंवा क्राउन-पिनियनचे दात घासलेले असतात (पिनियन म्हणजे इंजिनकडून फिरणारा छोटा गिअर, क्राउन म्हणजे तो फिरवतो ते मोठं दातेरी चक्र). वळणावर आवाज बदलत असेल तर चाकाची बेअरिंगं बघा. गाडी जागेवरून निघताना 'खट्' होत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे येणाऱ्या लांब दांड्याचे, क्रॉस (सांधे) हलवून बघा, ते सर्वात स्वस्तात बदलतात. ब्रेक ड्रममध्ये ऑइल येत असेल तर सीलच्या आधी ब्रीदर साफ करा. हाउजिंगवरची, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावरची, ती बारीक नळी मातीने बुजली की आतली गरम हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. नवं सील टाकून पंधरा दिवसांत परत गळती लागली, असे मी पाहिलेले बहुतेक ॲक्सल ब्रीदरचेच बळी होते.

हाउजिंग सरळ असेल आणि क्राउन-पिनियनची जोडी, बेअरिंगं, सील मिळत असतील, तर आपलाच ॲक्सल उघडून बांधणं सर्वात चांगलं. टाटा १२१०सारख्या मोठ्या गाडीत तर डिफचा (डिफरन्शियलचा, म्हणजे क्राउन-पिनियन असलेला) गोळा पुढच्या बाजूने अख्खा निघतो. गोळा बदलला की काम झालं, हाउजिंगला हात लावायची गरजच पडत नाही. ॲक्सल बदलायचा तो हाउजिंग वाकलं असेल, त्याच्या जाड नळीच्या जोडावर तडा असेल, पाट्याची (लीफ स्प्रिंगची) बैठक गंजून गेली असेल, ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइन (टोकाच्या खाचा) खाल्ल्या गेल्या असून तसा शाफ्ट मिळत नसेल, किंवा रेशो (तिसरी पायरी बघा) आजच्या वापराला अगदीच जमत नसेल तेव्हा.

दुसरी पायरी: गाडीखाली जाऊन मापं घ्या

वही-पेन्सिल, स्टीलचा टेप, ओळंबा आणि व्हर्नियर घ्या. पुढच्या चाकांना दगड लावा, मागे जॅकने उचला आणि चेसिसखाली स्टँड किंवा रेल्वेच्या स्लीपरचे ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. अगदी 'एक मिनिटाचं काम' असलं तरी नको.

पहिलं माप म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाट्यांच्या सेंटर बोल्टमधलं अंतर. दुसरं पाट्याची रुंदी. तिसरं हाउजिंगच्या नळीचा बाहेरचा व्यास, कारण यू-बोल्ट त्यावरच बसतात. चौथं, चाक ज्या पृष्ठभागाला टेकतं तिथून दुसऱ्या बाजूच्या तशाच पृष्ठभागापर्यंतचं अंतर. टायरच्या बाहेरून बाहेर मोजू नका, रिम बदललं की ते माप बदलतं. हे चौथं माप मोठं निघालं तर टायर मडगार्डला घासतो. लहान निघालं तर गाडी मागून अरुंद दिसते आणि वळणात तोलही बिघडतो.

पाचव्या मापाला थोडा वेळ द्या, बहुतेकांचे पैसे तिथेच बुडतात. पिनियनच्या फ्लँजच्या (प्रोपेलर शाफ्ट जिला बोल्टने जोडतात त्या तबकडीच्या) मध्यापासून ओळंबा सोडा आणि तिथून डाव्या-उजव्या सेंटर बोल्टपर्यंतचं अंतर मोजा. जीपच्या घराण्यातल्या फोर-व्हील गाड्यांत ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतून) मागे जाणारा शाफ्ट मध्यावर नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. त्यामुळे मागचा डिफही उजवीकडे असतो. नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच पिकअपचा डिफ मध्याजवळ असतो. तसा ॲक्सल या गाडीला लावला तर प्रोपेलर शाफ्ट वर-खाली आणि आडवाही तिरका चालतो. क्रॉस दोन्ही बाजूंनी मुरगळतात, गाडी थरथरते आणि क्रॉस वारंवार तुटतात. थोडा फरक चालून जातो. पण डिफ मध्यावरचा आणि शाफ्ट कडेचा, अशी जोडी करू नका.

पाटे ॲक्सलच्या वर आहेत की खाली, हेही लिहून ठेवा. जुन्या जीपमध्ये पाटे नळीच्या खालून जातात, म्हणून बैठक नळीच्या खालच्या अंगाला असते. नंतरच्या अनेक पिकअपमध्ये ती वरच्या अंगाला असते. बैठक चुकीच्या बाजूला दिसली की काही जण ॲक्सल पालथा घालून बसवायला जातात. असं कधीही करू नका. पालथा घातल्यावर क्राउन पिनियनच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि चाकं उलटी फिरतात. पहिला गिअर टाकला की गाडी मागे जाते. शिवाय ऑइलची पातळीही बिघडते. बैठक कापून योग्य बाजूला वेल्ड करणं, हाच रस्ता.

सहावं माप चाकाच्या स्टडचं. जुन्या जीपला पाच स्टड असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. पाच स्टडमध्ये समोरासमोर स्टड येत नाही, म्हणून थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर घ्या आणि १.७०१ने गुणा. साडेपाच इंची वर्तुळात हे अंतर ८२ मिलिमीटरच्या जवळपास येतं. सहा किंवा आठ स्टड असतील तर समोरासमोर सरळ मोजा. स्टडची संख्या पुढच्या चाकासारखीच असावी, नाहीतर स्टेपनी दोन ठेवाव्या लागतील. आणखी एक गोष्ट: अनेक जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. माहीत नसताना पान्यावर पाइप लावून जोर केला की स्टड तुटतो.

तिसरी पायरी: रेशो समजून घ्या

क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात असतील तर ५.३७५. जुन्या जीपचा हा नेहमीचा आकडा. प्रोपेलर शाफ्ट ५.३७५ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८७५, ४७ भागिले ११ म्हणजे ४.२७, ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. आकडा मोठा तितकी ओढ जास्त आणि वेग कमी.

डिफ न उघडता रेशो मोजता येतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं. प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेलं चाक २० वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक अडलेलं असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राउनचा एकच फेरा होतो, म्हणून वीस फेऱ्यांमागे क्राउनचे दहा होतात. शाफ्टचे फेरे पावणेचोपन्न आले तर रेशो ५.३७५. एकट्याने मोजताना हमखास चूक होते. एकाने चाक फिरवावं, दुसऱ्याने शाफ्ट मोजावा. भंगारात सुटा ॲक्सल बघत असाल तर एक ड्रम दाबून धरा, दुसरा फिरवा आणि पिनियनचा फ्लँज मोजा, हिशोब तोच.

आता हा रेशो तुमच्या गाडीला चालेल का, ते बघू. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडीत नेहमीचं वजन ठेवून चाक एक पूर्ण फेरा ढकला आणि अंतर मोजा. समजा ते २.३० मीटर आलं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर, त्यामुळे हिशोब सोपा होतो. १००० भागिले २.३०, म्हणजे चाकाचे मिनिटाला ४३५ फेरे. टॉप गिअर थेट असेल, म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट सारखेच फेरे घेत असतील, जो जुन्या गिअरबॉक्सात बहुतेक असतोच, तर ५.३७५ रेशोत इंजिन सुमारे २३४० फेऱ्यांवर चालेल. ४.८७५ मध्ये २१२०, ४.२७ मध्ये १८६० आणि ३.७३ मध्ये १६२०.

हे आकडे वाचून नवशिका लगेच ३.७३ कडे धावतो. मुंबई-आग्रा महामार्गावर इंजिन शांत चालेल, डिझेल वाचेल, असं त्याला वाटतं. पण ५.३७५ वरून ३.७३ वर गेलात की प्रत्येक गिअरमध्ये चाकापाशी मिळणारी ओढ सुमारे ३० टक्के कमी होते. इगतपुरीकडे येताना कसारा घाटात, मागे भरलेले कॅरेट असताना, हे ३० टक्के जाणवतात. उतरतानाही इंजिनचा ब्रेक तेवढाच सैल पडतो आणि जुन्या ड्रमवरचा भार वाढतो. माझं मत असं: मूळ इंजिन असेल तर एका पायरीपेक्षा जास्त हलू नका. ५.३७५ चं ४.८७५ केलं तर ओढ नऊ-साडेनऊ टक्केच कमी होते आणि महामार्गावर फरक मात्र कळतो. इंजिन बदलून नंतरचं ताकदवान डिझेल टाकलं असेल तरच पुढे जा.

रेशो बदलला की स्पीडोमीटरही चुकतो, कारण त्याची केबल ॲक्सलच्या आधीच्या शाफ्टवरून फिरते. ४.८७५ टाकल्यावर खरे ६० असताना काटा ५४ दाखवेल. केबलचा छोटा गिअर बदला किंवा निदान डॅशबोर्डवर चिठ्ठी लावा.

गाडी फोर-व्हील असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. निफाडजवळ एका मित्राने मागे ४.२७ चा ॲक्सल टाकला आणि पुढे ५.३७५ चा तसाच ठेवला. शेतातल्या काळ्या चिखलात गाडी चालली, कारण चिखलात चाकं घसरत होती आणि फरक तिथेच मुरत होता. डांबरावर आल्यावर फोर-व्हीलचा दांडा निघेना. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पिळत होते. आम्ही दोघांनी जोर लावला, गाडी पुढे-मागे केली, शेवटी क्रॉस तुटला तेव्हाच पीळ सुटला. ट्रान्सफर केसही उघडावी लागली. रेशो मोजायला त्या दिवशी दहा मिनिटं लागली असती.

चौथी पायरी: शाफ्टवर वजन येतं का?

एका प्रकारात चाक थेट ॲक्सल शाफ्टला बसतं आणि गाडीचं वजन शाफ्टच पेलतो. हा सेमी-फ्लोटिंग. शाफ्ट तुटला तर चाक ड्रमसकट बाहेर येऊ शकतं. दुसऱ्या प्रकारात हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, हाउजिंगच्या टोकावर दोन बेअरिंगांवर फिरतो, वजन हाउजिंग पेलतं आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो. हा फुल-फ्लोटिंग. रिमच्या मधून हब बाहेर आलेला दिसतो आणि त्याच्या तोंडावर शाफ्टचे बोल्ट गोल मांडलेले असतात. मोठ्या टाटाला हाच असतो, चाक न काढता शाफ्ट बाहेर ओढता येतो.

जुन्या जीपचा सेमी-फ्लोटिंग शाफ्ट बाहेरच्या टोकाला निमुळता असतो, त्यावर चावी आणि मोठा नट. नट ढिला राहिला की चावी कापली जाते. हा हब पुलरनेच काढा, हातोडी मारली की आतलं बेअरिंग खराब होतं.

कुठला घ्यायचा? आधी वजन करा. पिंपळगाव किंवा लासलगावच्या बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर नेहमीचा माल भरून फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. येतो तो आकडा तुमच्या मागच्या ॲक्सलवरचा खरा भार. भारवाहू कामाला गाडी वापरणार असाल तर फुल-फ्लोटिंगच शोधा. रविवारी त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन यायचं असेल तर मूळचा सेमी-फ्लोटिंग पुरतो.

पाचवी पायरी: शोध आणि तपासणी

नाशिकमध्ये आधी द्वारका आणि आडगाव नाक्याच्या बाजूच्या गॅरेजांत विचारा, तिथल्या जुन्या मिस्त्रींना कुठल्या गावात कुठली गाडी सडते आहे ते माहीत असतं. तिथे नसेल तर मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार. जाताना वही, टेप, खडू, व्हर्नियर आणि टॉर्च घ्या. दुकानदार 'सगळ्याला बसतो' म्हणाला तरी मापं स्वतः घ्या.

ड्रेनचा बोल्ट काढायला सांगा. ऑइल काळं असलं तरी चालतं. त्यात बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा असेल तर सोडून द्या. दुधासारखं पांढरट ऑइल म्हणजे पाणी शिरलेलं, बेअरिंगं गंजलेली असणार. पिनियनचा फ्लँज धरून वर-खाली हलवा. हलला तर बेअरिंग गेलं. फिरवताना किंचित मोकळीक असायला हवी. छोट्या ॲक्सलमध्ये क्राउन आणि पिनियनच्या दातांमधला प्ले साधारण ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर असतो, तो डायल गेजनेच मोजतात.

कव्हर उघडता आलं तर दात बघा. कडा धारदार झालेल्या, अंगावर खड्डे पडलेले किंवा निळसर जळालेले असतील तर ती जोडी गेली. क्राउन आणि पिनियनवर कोरलेले जोडीचे आकडे जुळतात का, तेही बघा. हे दोन्ही एकत्र घासून जुळवलेले असतात. एकीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन लावला तर नवे असूनही ओरडतात आणि लवकर जातात.

हाउजिंग वाकलं आहे का, हे बघायला दोन्ही बाजूंना सरळ रिम लावा. हबच्या उंचीवर रिमच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजा. रिम अर्धा फेरा फिरवून परत मोजा, म्हणजे रिमचा स्वतःचा वाक धरला जाणार नाही. नंतर वरच्या आणि खालच्या कडांमधलं मोजा. एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर नळी वाकलेली आहे. नळी जिथे मधल्या ओतीव भागात शिरते तो जोड आणि पाट्याच्या बैठकीच्या कडा तारेच्या ब्रशने घासून टॉर्चने बघा. नवा रंग मारलेला असेल तर तिथेच आधी घासा.

पावती घ्याच. तिच्यावर ॲक्सल कुठल्या गाडीचा, हे लिहून घ्या.

सहावी पायरी: ब्रेक

ॲक्सलबरोबर त्याचे ब्रेक येतात आणि ते तुमच्या मास्टर सिलिंडरशी जुळायला हवेत. मागच्या व्हील सिलिंडरचा व्यास मूळपेक्षा मोठा असेल तर मागची चाकं आधी जाम होतात. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या डांबरावर रिकामी गाडी मागून फिरते ती याचमुळे. जमलं तर मूळच्या व्यासाचेच सिलिंडर घाला. पाइपच्या टोकाचे आटेही जुळवून बघा, बळजबरीने बसवलेला नट दाबाखाली गळतो. जुन्या जीपचा हॅंडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवर असतो, त्यामुळे ॲक्सल बदलला तरी तो टिकतो. तुमच्या गाडीचा हॅंडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर नव्या ॲक्सलला केबलची सोय आहे का, ते विकत घेण्याआधीच बघा.

सातवी पायरी: कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. चेसिस नंबर चेसिसवर असतो, ॲक्सलवर नाही, त्यामुळे त्याच प्रकारचा ॲक्सल टाकणं ही दुरुस्तीच. पण भारक्षमता वाढवायची, एका चाकाची जोडचाकं करायची किंवा व्हीलबेस बदलायचा असेल, तर पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारा आणि मगच पैसे घाला. गाडी ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. तिथे मूळ जातीचाच ॲक्सल शोधणं शहाणपणाचं.

आठवी पायरी: बसवणी

पाट्याची बैठक वेल्ड करायची असेल तर आधी फक्त टाके मारा. ॲक्सल पाट्यांवर ठेवा, चाकं लावा, गाडीचं वजन जमिनीवर येऊ द्या आणि मग पिनियनचा कोन ठरवा. साध्या दोन-क्रॉसच्या शाफ्टमध्ये गिअरबॉक्सकडचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे दोन्ही क्रॉसचे कोन सारखे येतात. पाटे जोर आला की पिनियनला वर उचलतात, म्हणून पिनियन एक-दोन अंश खाली ठेवतात. कोन पक्का झाला की ॲक्सल काढून पूर्ण वेल्ड करा, पण थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मधे थंड होऊ देत. एका दमात वेल्ड मारला की नळी वाकते. या कामाला सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला फॅब्रिकेशनचा अनुभवी माणूस शोधा.

प्रोपेलर शाफ्टची लांबी सर्वात शेवटी ठरवा. सरकता जोड पूर्ण आत गेलेला नको आणि टोकाला लोंबकळतही नको. गाडी भरल्यावर अजून आत जायला निदान २५ मिलिमीटर जागा ठेवा. शाफ्ट कापून जोडला तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत ठेवा आणि बॅलन्सिंग करून घ्या.

दात नीट भिडतात का, ते शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या काही दातांवर लावून बघतात. फिरवल्यावर ठसा दाताच्या मध्याजवळ उमटायला हवा. टोकाला किंवा मुळाशी उमटला तर शिम (पातळ चकत्या) बदलायचे. हे काम स्वतः पहिल्यांदा करू नका, जाणत्या मिस्त्रीजवळ उभं राहून शिका. आणि शेंदूर हाताळल्यावर हात साबणाने धुवा, त्यात शिसं असू शकतं.

ऑइल ईपी ९०, हायपॉइड गिअरला चालणारं, भरणीच्या भोकाच्या पातळीपर्यंत भरा. इंजिन ऑइल चालत नाही.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने वीस-पंचवीस किलोमीटरची, सावकाश. परत आल्यावर डिफला आणि दोन्ही हबांना हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलेलं आहे. दुसऱ्या दिवशी थोडं वजन भरून मोहदरी घाटाने सिन्नरला जा आणि चढ-उतारावर ॲक्सिलरेटर दाबून, सोडून आवाज ऐका. यू-बोल्ट आणि चाकाचे नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत आवळा, नवे यू-बोल्ट हमखास थोडे सैल होतात. पाचशे किलोमीटरला ऑइल बदला. जुनं ऑइल स्वच्छ डब्यात काढा, त्यात चुंबक फिरवा आणि चुंबकावर काय येतं ते उजेडात बघा. बारीक भुकटी असेल तर क्राउन-पिनियनची जोडी रुळते आहे. कण असतील तर कव्हर त्याच दिवशी उघडा.